बंदरावरचा ताजमहाल

मुंबई पाहिली नाही असा माणूस आता खेड्यातही विरळाच. कुणी दवाखान्याच्या कामाला गेलेला असतो, कुणी मोर्चाला, कुणी मुलाच्या नोकरीसाठी. आणि मुंबईला गेला की तो एकदा तरी ‘गेटवे’वर जातोच. समोर समुद्र, पाण्यावर डुलणाऱ्या लाँची, कबुतरांचे थवे, आणि ती दगडी कमान. सगळी माणसे कमान पाहतात, फोटो काढतात, शेंगदाणे खातात आणि परततात.

पुढच्या वेळी गेलात तर आम्ही सांगतो तसे करा. कमानीकडे पाठ फिरवा आणि शहराच्या बाजूला पाहा. रस्त्यापलीकडे एक भली मोठी दगडी इमारत दिसेल. मधोमध मोठा तांबूस घुमट आहे. कोपऱ्यांना लहान घुमट आहेत. ओळीने खिडक्या, सज्जे आणि कमानी आहेत. तिच्या शेजारी एक उंच, नव्या धर्तीची इमारत आहे. तिच्याकडे तूर्त पाहू नका. जुनी पाहा. हेच मुंबईचे ताजमहाल हॉटेल.

आता आम्ही एक प्रश्न विचारतो. गेटवेची कमान आधीची की हे हॉटेल आधीचे?

बहुतेक लोक म्हणतात, “कमानच आधीची. ती तर राजाच्या वेळची.” पण तसे नाही. हॉटेल उघडले १९०३ साली. कमानीचा पायाचा दगड बसला १९१३ साली, आणि ती लोकांसाठी खुली झाली १९२४ साली. म्हणजे हॉटेल कमानीपेक्षा एकवीस वर्षांनी वडील. पहिली वीस वर्षे बोटीतून येणाऱ्या माणसाला मुंबईच्या धक्क्यावर कमान दिसत नसे, हा घुमट दिसत असे.

पाहा, डोळ्यांसमोरच्या दोन इमारतींविषयीसुद्धा आपला अंदाज चुकतो. या हॉटेलाविषयी तर अशा कितीतरी गोष्टी लोकांच्या तोंडी आहेत. काही खऱ्या, काही खोट्या. त्यांतल्या एका खोट्या गोष्टीने एका गुणी माणसाचे नाव झाकून टाकले. ते नाव वर काढावे म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहोत.

हॉटेल म्हणजे काय?

आपल्याकडे हॉटेल म्हटले की एस.टी. स्टँडजवळची चहा-भज्यांची जागा. पण हॉटेल या शब्दाचा मूळ अर्थ उतरण्याची जागा. आपल्या जुन्या धर्मशाळेसारखीच ती, फरक एवढाच की इथे पैसे मोजावे लागतात. खोली, अंथरूण-पांघरूण, जेवण, धुण्याची सोय, सारे तिथेच मिळते.

अशी जागा बंदराशीच का हवी? त्याचे कारण समुद्रात आहे. पूर्वी विलायतेहून हिंदुस्थानात येणारी जहाजे सगळ्या आफ्रिका खंडाला वळसा घालून येत. त्या प्रवासाला कित्येक महिने लागत. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाला. आफ्रिकेचा वळसा वाचला. वाफेच्या बोटी थेट येऊ लागल्या, आणि पश्चिम किनाऱ्यावरची मुंबई त्यांना जवळची झाली. तिकडे मुंबईहून देशभर आगगाडी धावू लागली होती. व्यापारी, अंमलदार, लष्करी लोक, प्रवासी, सारे मुंबईला उतरत आणि पुढे जात.

ज्या धक्क्याजवळ हे हॉटेल आहे त्याला आपली माणसे पालवा बंदर म्हणत. साहेबाच्या जिभेवर पालव्याचे ‘अपोलो’ झाले, असे जाणकार सांगतात. आजही तिथून घारापुरीला आणि मांडव्याला लाँची सुटतात. अलिबागकडच्या मंडळींना हे सांगायला नको.

बोटी वाढल्या, पाहुणे वाढले. त्या काळी मुंबईत वॉटसन नावाच्या गोऱ्या व्यापाऱ्याचे हॉटेल नावाजलेले होते. काळ्या घोड्याजवळ ओतीव लोखंडाच्या सांगाड्यावर ते उभारले होते. १८९६ च्या जुलै महिन्यात आपल्या देशातला सिनेमाचा पहिला खेळ याच हॉटेलात झाला. पण मुंबईच्या वाढत्या पसाऱ्याला शोभेल असे मोठे, नव्या सोयींचे हॉटेल शहरात नव्हते.

टाटांचा ‘भटारखाना’

जमशेटजी टाटा हे नाव तुम्ही ऐकलेले आहे. मिठाच्या पुडीवर आणि मालमोटारीवर ज्या घराण्याचे नाव असते, त्या घराण्याच्या उद्योगांचे हे मूळ पुरुष. जन्म १८३९ सालचा, गुजरातेत नवसारीला. धर्माने पारशी. १८७७ साली त्यांनी नागपुरात एम्प्रेस मिल ही कापडाची गिरणी सुरू केली. कापूस जिथे पिकतो तिथेच गिरणी असावी, हा त्यांचा हिशेब.

त्यांच्या मनात मोठमोठी कामे होती. देशात पोलाद निघावे. सह्याद्रीतले पाणी अडवून वीज करावी. शास्त्राचे उच्च शिक्षण देणारी संस्था निघावी. आणि मुंबईत एक उत्तम हॉटेल असावे. हे चौथे काम ऐकून घरच्या बायकांना नवल वाटले. त्यांच्या एका बहिणीने म्हणे विचारले की एवढी थोर कामे हाती घेतलीस, आणि आता भटारखाना काढणार का? भटारखाना म्हणजे स्वयंपाकघर, खाणावळ. बहिणीचे म्हणणे अगदीच वावगे नव्हते. कारखानदाराने खाणावळ का काढावी?

त्याचे उत्तर त्या वेळच्या मुंबईत शोधावे लागते. १८९६ साली मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. तो काळ फार वाईट होता. घरेच्या घरे ओस पडली. माणसे गाठोडी बांधून गावाकडे पळाली. गिरण्यांना कामगार मिळेना. परदेशी बंदरांत मुंबईहून आलेल्या मालाकडे आणि माणसांकडे लोक संशयाने पाहू लागले. मुंबईचे नाव खाली गेले. अशा पडत्या काळात, १८९८ साली, जमशेटजींनी बंदरालगतची जागा भाडेपट्ट्याने घेतली. लोक शहर सोडून जात होते आणि हा माणूस शहरात घर बांधत होता! मुंबईवर त्यांचा जीव होता. बाहेरच्या माणसाने यावे, हे शहर पाहावे, इथे व्यापार करावा, अशी त्यांची इच्छा होती.

पोलादाचा कारखाना, वीज आणि बंगळूरची शास्त्रसंस्था ही तिन्ही कामे पुढे झाली, पण जमशेटजींच्या मरणानंतर. चारांपैकी त्यांच्या डोळ्यांदेखत उभे राहिले ते एकच. बहिणीने ज्याला भटारखाना म्हटले ते.

बांधणारे हात

इमारत नुसती पैशाने उभी राहत नाही. नकाशा काढणारा लागतो, काम करून घेणारा लागतो आणि दगड उचलणारा लागतो.

ताजमहाल हॉटेलाचा पहिला नकाशा काढला तो रावसाहेब सीताराम खंडेराव वैद्य यांनी. त्यांच्या जोडीला डी. एन. मिर्झा हे होते. वैद्यांचे नाव नीट वाचा. पुन्हा एकदा वाचा. सीताराम खंडेराव वैद्य. या धड्यात एकच नाव पाठ करायचे असेल तर हे करा.

हे वैद्य साधे असामी नव्हते. मुंबईचे बोरीबंदर स्टेशन तुम्हांला ठाऊक आहे. आधी त्याला व्हिक्टोरिया टर्मिनस म्हणत, आता छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस म्हणतात. ते स्टेशन १८७८ ते १८८८ अशी दहा वर्षे बांधले जात होते. त्याचा नकाशा स्टीव्हन्स या इंग्रज शिल्पकाराचा. पण स्टीव्हन्सच्या हाताखाली जे एतद्देशीय मदतनीस होते, त्यांत सीताराम खंडेराव वैद्य होते. म्हणजे आपण गावाहून येऊन ज्या स्टेशनात उतरतो त्याला, आणि ज्या हॉटेलाकडे बघत उभे राहतो त्यालाही, या एकाच माणसाचा हात लागलेला आहे.

हॉटेलाचे काम सुरू झाले. समुद्र अगदी पायाशी. वरवरच्या पायावर एवढा बोजा ठरेना. म्हणून पाया चाळीस फूट खोल नेला. आपल्या गावच्या चांगल्या विहिरीएवढी खोली झाली ही. विहीर एक खणायची तर घाम निघतो. इथे सगळ्या इमारतीखाली तेवढे काम.

काम चालू असतानाच, १९०० साली, वैद्य हिवतापाने वारले. मलेरिया म्हणतात तोच हा ताप. इमारत पुरी झालेली त्यांनी पाहिली नाही. पुढचे काम डब्ल्यू. ए. चेंबर्स या इंग्रज इंजिनियराने तडीस नेले. बांधकामाचा मक्ता खानसाहेब सोराबजी रतनजी या पारशी कंत्राटदाराकडे होता. इमारतीच्या मधला मोठा जिना त्यांचीच करामत. तो असा बसवला आहे की अधांतरी वाटावा.

जमशेटजी स्वतः परदेशांत फिरून सामान निवडत होते. जर्मनीहून यंत्रे आणली. अमेरिकेहून पंखे आणले. विजेचे दिवे, पाळणे, म्हणजे ज्याला लिफ्ट म्हणतात ते, बर्फ करण्याचे यंत्र, धुलाईचे यंत्र, सारे आले. पॅरिस शहरातला आयफेलचा लोखंडी मनोरा १८८९ साली बांधला गेला. त्याला वापरले तसल्या लोखंडाचे दहा खांब जमशेटजींनी मागवले. हॉटेलातल्या मोठ्या दिवाणखान्याला त्या खांबांचा आधार दिला.

आणि माती उपसणारे, दगड घडवणारे, चुना मळणारे, पराती वाहणाऱ्या बाया? त्यांची नावे विचारू नका. ती कुणी लिहिली नाहीत. नकाशा काढणाराचे नाव कागदावर राहिले, कंत्राटदाराचे राहिले, यंत्र कुठून आले तेही राहिले. ज्यांच्या डोक्यावरून सगळा दगड वर चढला त्यांचे नाव राहिले नाही. ही गोष्ट ध्यानात असू द्या. शेवटी आपण तिच्याकडे परत येऊ.

तेरा रुपयांची खोली

१६ डिसेंबर १९०३ रोजी हॉटेलाचे दार उघडले. काम अजून पुरते संपले नव्हते. पहिल्या दिवशी पाहुणे किती आले असतील? अवघे सतरा! एवढा थोरला वाडा आणि सतरा पाहुणे. कुणाला वाटले असेल, बुडाले पैसे.

त्या वेळी पंखा आणि न्हाणीघर असलेल्या खोलीचे भाडे दिवसाला तेरा रुपये होते. जेवणखाण धरून वीस रुपये. ऐकून हसू नका. तेरा रुपये तेव्हा थोडे नव्हते. ज्याच्या घरी रुपया पाहायला सण उजाडावा लागे, त्याच्या आवाक्यातली ही जागा तेव्हाही नव्हती, आणि आजही नाही. हे आपण सरळ सांगावे. गरिबासाठी ते बांधलेले नव्हते. पण हिंदी माणसाने, आपल्या पैशाने, साहेबाच्या तोडीचे काम करून दाखवले, ही गोष्ट त्या काळात लहान नव्हती. सरकार साहेबाचे, बोटी साहेबाच्या, आगगाडी साहेबाची. आणि धक्क्यावर उतरल्या उतरल्या साहेबाला जे घर दिसे, ते मात्र हिंदी माणसाचे.

हॉटेल उघडल्यावर पाच महिन्यांनी, १९ मे १९०४ रोजी, जमशेटजी जर्मनीत वारले. हॉटेल पुढे नावारूपाला आले.

ऐकलेले आणि खरे

आता त्या लोकांच्या तोंडच्या गोष्टींकडे वळू. दोन गोष्टी फार चालतात.

पहिली अशी. जमशेटजी म्हणे वॉटसनच्या हॉटेलात गेले. दारावरच्या माणसाने त्यांना अडवले. “हे गोऱ्या लोकांसाठी आहे,” असे सांगितले. तेव्हा जमशेटजींनी रागाने प्रतिज्ञा केली की याहून मोठे हॉटेल बांधीन. गोष्ट ऐकायला बरी वाटते. त्या काळी गोऱ्या लोकांचा तोरा तसा होताही. पण ही घटना घडली असे दाखवणारा त्या वेळचा भक्कम पुरावा पुढे आलेला नाही. काही अभ्यासक तर सांगतात की मुंबईला शोभेलसे हॉटेल व्हावे असा एका वर्तमानपत्राच्या संपादकाचा आग्रह होता, आणि जमशेटजींनी शहराला दिलेली ही भेट होती. म्हणून पहिली गोष्ट सांगायची तर ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द जोडून सांगावी.

दुसरी गोष्ट मात्र वाईट आहे. ती अशी सांगतात की इमारत उलटी बांधली गेली! पुढची बाजू मागे गेली आणि मागची पुढे आली. नकाशा काढणारा परगावी गेला होता. परत येऊन बघतो तो सगळेच उलटे. त्याने डोके आपटले आणि त्याच हॉटेलावरून उडी मारून जीव दिला. मुंबईत टॅक्सीवालाही ही गोष्ट पाहुण्याला रंगवून सांगतो.

आता तुम्हीच विचार करा. तुम्ही घरे बांधलेली माणसे आहात. घराचे दार कुठे येणार हे केव्हा ठरते? चौथरा आखतानाच ठरते. दोरी धरली, फक्की टाकली की गवंडी विचारतो, “दार कुठे?” या इमारतीचा पाया चाळीस फूट खणला. काम वर्षानुवर्षे चालले. कंत्राटदार रोज हजर. मालक जातीने लक्ष घालणारा. आणि एवढ्यांपैकी कुणाच्याच लक्षात आले नाही की घर उलटे चालले आहे? दोन खणांचे घर बांधणारा आपला गवंडीसुद्धा अशी चूक करणार नाही.

मग गोष्ट निघाली कशी? तिला एक कारण आहे. हॉटेलाचे मूळचे मोठे दार खरोखरच समुद्राकडे नव्हते. ते मागल्या बाजूला, शहराकडे होते. आज तिथे पोहण्याचा तलाव आहे, आणि आत जायचे दार बंदराच्या बाजूला आहे. आजच्या माणसाला वाटते, समुद्र सोडून मागे दार कोण ठेवील?

पण ते मुद्दाम ठेवलेले होते. त्याची दोन कारणे सांगतात. एक, त्या वेळी माणसे घोडागाडीतून येत. गाड्या शहराकडून येणार, म्हणून दार शहराकडे. दुसरे कारण वाऱ्याचे. मुंबईत दुपारी वारा पश्चिमेकडून, उघड्या समुद्रावरून येतो. कोकणातल्या माणसाला हे ठाऊक आहे. पण बंदर आहे पूर्वेला. म्हणून इमारतीला दोन बाजूंनी दोन हात पुढे काढले आणि उघडी बाजू पश्चिमेला ठेवली. दोन्ही हात पसरून वारा कवेत घ्यावा तशी ही रचना. पूर्वेच्या खोल्यांना बंदराची शोभा मिळाली आणि पश्चिमेच्या बाजूला वारा मिळाला. याला उलटे म्हणायचे की हुशारी म्हणायची?

आणि ज्याने पहिला नकाशा काढला तो माणूस? त्याने उडी मारली नाही. तो तापाने गेला, आणि तोही इमारत पुरी होण्याआधी तीन वर्षे. म्हणजे बघा, माणूस आपले काम चोख करून गेला. आणि मागे लोकांनी काय ठेवले? त्याचे नाव ठेवले नाही. त्याची चूक ठेवली, आणि तीही त्याने न केलेली! आज शंभर माणसांना विचारले तर उलट्या हॉटेलाची गोष्ट पुष्कळांना येते. सीताराम खंडेराव वैद्य हे नाव किती जणांना येते?

ऐकीव गोष्टीचे असेच असते. एकाने सांगितले, दुसऱ्याने मीठमसाला लावला, तिसऱ्याने शपथ घेतली. आपल्या गावातही एखाद्याच्या बाबतीत असे होते. जो वाचू शकतो तो कागद काढून बघतो. जो वाचत नाही त्याला कानावर विसंबावे लागते. अक्षर शिकण्याचा उपयोग काय, असे तुम्हांला कुणी विचारले तर ही उलट्या हॉटेलाची गोष्ट सांगा.

हॉटेलाने पाहिलेले दिवस

पहिले महायुद्ध १९१४ ते १९१८ असे चालले. त्या काळात हे हॉटेल इस्पितळ झाले. सहाशे खाटांचे इस्पितळ! जिथे मेजवान्या झडत तिथे जखमी पडून होते.

१९११ च्या डिसेंबरात इंग्लंडचा राजा पंचम जॉर्ज याच धक्क्यावर उतरला. त्याची आठवण म्हणून पुढे गेटवेची कमान उभी राहिली. राजाच्या स्वागतासाठी बांधलेली ती कमान. पण इतिहास कसा फिरतो पाहा. स्वराज्य आले. आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी इंग्रजांची शेवटची पलटण त्याच कमानीखालून चालत जाऊन बोटीत बसली. साहेब आला तेही या घुमटाने पाहिले, आणि साहेब गेला तेही पाहिले.

१९७३ साली शेजारची उंच इमारत झाली. तिला टॉवर म्हणतात.

त्या तीन रात्री

२६ नोव्हेंबर २००८ ची रात्र महाराष्ट्र विसरणार नाही. समुद्रमार्गे दहा अतिरेकी मुंबईत शिरले. त्यांनी अनेक ठिकाणी गोळ्या झाडल्या. बोरीबंदर स्टेशनात गाडीची वाट पाहत बसलेली गोरगरीब माणसे मारली. त्यांतले चौघे ताजमहाल हॉटेलात होते. त्यांनी आग लावली. घुमटाखालून ज्वाळा निघत होत्या. सारा देश दूरदर्शनवर ते पाहत होता. २९ तारखेच्या सकाळी लढाई संपली. सगळ्या मुंबईत मिळून १६६ माणसे गेली. हॉटेलात ३१ गेली. त्यांत पाहुणे होते, तसे तिथले नोकरही होते.

या नोकरांविषयी सांगितले पाहिजे. वाढपी, आचारी, खोल्या झाडणारे, टेलिफोनवर बसणाऱ्या मुली. त्यांना मागल्या वाटा माहीत होत्या. मनात आणते तर पळून जाते. पण पुष्कळांनी पाहुण्यांना आडोशाला नेले, दारे लावून घेतली, पाणी दिले, स्वयंपाकघराच्या वाटेने बाहेर काढले. त्यात काहींचा जीव गेला. त्या ३१ जणांची नावे आता हॉटेलात कोरून ठेवली आहेत.

लढताना पडले त्यांत मेजर संदीप उन्नीकृष्णन होते. त्यांना मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. आणि राज्य राखीव पोलीस दलाचा एक जवान होता, राहुल शिंदे. सोलापूर जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातील सुलतानपूर गावचा हा मुलगा. हॉटेलात आधी शिरलेल्या पोलिसांत तो होता. पोटात गोळी लागून तो गेला. त्याच्या गावाला आता राहुलनगर असे नाव दिले आहे. श्रीमंताच्या हॉटेलात खेड्यातला मुलगा कधी पाहुणा म्हणून गेला नसता. गेला तो दुसऱ्याचा जीव वाचवायला गेला. गावाने त्याचे नाव आपल्या वेशीवर लावले. असे करायला मोठे मन लागते.

हॉटेलाचा टॉवर महिन्याच्या आत, २१ डिसेंबर २००८ रोजी, पुन्हा उघडला. जुन्या इमारतीचे नुकसान फार होते. ती दुरुस्त होऊन १५ ऑगस्ट २०१० रोजी, स्वातंत्र्याच्या दिवशी, खुली झाली. २०१७ साली या जुन्या इमारतीच्या रूपाची सरकारदरबारी व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली. आपल्या देशात इमारतीची अशी नोंद होण्याचा तो पहिलाच प्रसंग.

आपण काय करावे?

तुम्ही म्हणाल, “मास्तर, हे मुंबईचे झाले. आम्हांला त्याचे काय?”

सांगतो. तुमच्या गावात विहीर आहे. देऊळ आहे. शाळा आहे, बंधारा आहे, कुठे जुनी धर्मशाळा असेल. ती कुणी बांधली? जागा कुणी दिली? दगड कुठून आणला? श्रमदानाला कोण कोण होते? आज गावातल्या म्हाताऱ्या माणसांना ते आठवते. ती माणसे गेली की मागे राहील ती ऐकीव गोष्ट. मग कुणी म्हणेल, ही विहीर एका रात्रीत भुतांनी खणली. आणि ज्या चार बाप्यांनी आणि चार बायांनी पाठ मोडेतो माती उपसली, त्यांचे नाव जाईल. ताजमहाल हॉटेलाचा पाया खणणारांचे गेले तसेच.

आता तुम्हांला लिहिता येते. दोन आण्यांची वही म्हणायचे दिवस गेले, पण वही अजूनही महाग नाही. एक वही घ्या. गावातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. विचारा आणि लिहा. बाप्यांची नावे लिहा, बायांचीही लिहा. जे नक्की ठाऊक आहे ते तसे लिहा. जे नुसते ऐकले आहे त्याच्यापुढे ‘असे म्हणतात’ लिहा. वही शाळेत नाहीतर ग्रामपंचायतीत ठेवा.

आणि मुंबईला गेलात, बोरीबंदरला उतरलात, की मान वर करून एकदा ती इमारत पाहा. मग गेटवेला जाऊन हा घुमट पाहा. शेजारी कुणी म्हणाला, “हे हॉटेल उलटं बांधलंय बरं का,” तर त्याला सांगा, “नाही दादा, ते बरोबरच बांधलंय. नकाशा काढणाराचं नाव सीताराम खंडेराव वैद्य.”

सांगा पाहू :

१. गेटवेची कमान आणि ताजमहाल हॉटेल यांत जुने कोणते? किती वर्षांनी?
२. सुएझचा कालवा झाल्यावर मुंबईचे महत्त्व का वाढले?
३. हॉटेलाचे मूळचे दार शहराच्या बाजूला का ठेवले होते? दोन कारणे सांगा.
४. ‘हॉटेल उलटे बांधले’ ही गोष्ट खोटी कशी, ते आपल्या शब्दांत सांगा.
५. तुमच्या गावातील सर्वांत जुनी विहीर किंवा इमारत कोणती? ती बांधणाऱ्या पाच माणसांची नावे विचारून वहीत लिहा.